मुलाने गोळी झाडली, बेडी आईबापाला : जबाबदारी नेमकी कुणाची?

६ फेब्रुवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ओकलंड काउंटीत एका ज्युरीने जेनिफर क्रम्बली या आईला निष्काळजीपणातून झालेल्या मनुष्यवधाच्या चार आरोपांत दोषी ठरवले. १४ मार्चला दुसऱ्या ज्युरीने तिच्या नवऱ्याला, जेम्सला, त्याच आरोपांत दोषी धरले. ९ एप्रिलला दोघांनाही १० ते १५ वर्षांची कैद झाली. दोघांपैकी कुणीही गोळी झाडली नव्हती. गोळ्या झाडल्या होत्या त्यांच्या १५ वर्षांच्या मुलाने, ३० नोव्हेंबर २०२१ रोजी ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये. त्यात चार विद्यार्थी मेले आणि सात जण जखमी झाले.

शाळेतील सामूहिक गोळीबारासाठी गोळीबार करणाऱ्याच्या आईबापाला मनुष्यवधाची शिक्षा होण्याची अमेरिकेतील ही पहिलीच वेळ. निकालाचे तिकडे बहुतेकांनी स्वागत केले, आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही 'पालकांना धडा' अशा थाटात बातम्या आल्या. पण मुलाच्या गुन्ह्यासाठी आईबापाला धरायचे, ही कल्पना नवी नाही. तिला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि कायद्याचा हात आधी कुणाच्या दारावर पडतो हे त्या इतिहासात स्पष्ट दिसते. तो इतिहास बाजूला ठेवून या निकालावर टाळ्या वाजवणे मला जमत नाही. आणि निकाल चुकीचाच आहे, असेही मी म्हणणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, तेच इथे मांडायचे आहे.

आधी वस्तुस्थिती

बापाने २६ नोव्हेंबरला ९ मिलिमीटरचे सिग सॉअर पिस्तूल विकत घेतले. ते मुलासाठीच होते. दुसऱ्या दिवशी आई मुलाला घेऊन नेमबाजीच्या मैदानावर गेली. २९ तारखेला वर्गात मुलगा फोनवर काडतुसे शोधताना शिक्षिकेला दिसला. शाळेने आईला कळवले, तेव्हा तिने मुलाला चेष्टेच्या सुरात निरोप पाठवला : रागावले नाही, पण पकडले न जायला शिक. ३० तारखेला सकाळी गणिताच्या कागदावर त्याने बंदूक आणि रक्तबंबाळ माणूस काढला, आणि डोक्यातले विचार थांबत नाहीत, मला मदत करा, अशा अर्थाचे शब्द लिहिले. आईबापाला शाळेत बोलावले. थोडा वेळ बैठक झाली. त्यांनी मुलाला घरी नेले नाही, शाळेने त्याचे दप्तर तपासले नाही. पिस्तूल त्याच दप्तरात होते. दुपारी गोळीबार झाला.

हे वाचून कुणालाही आईबापाचा राग येईल आणि यावाच. पिस्तूल आणून देणे ही त्यांची स्वतःची कृती होती. ते कुलूपबंद न ठेवणे ही त्यांचीच कृती. सकाळी ते चित्र पाहिल्यावर 'घरात बंदूक आहे' हे शाळेला न सांगणे, हेही त्यांचेच. पण आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२१ साली मिशिगनमध्ये घरातली बंदूक मुलांपासून कुलपात ठेवलीच पाहिजे असा कायदा नव्हता. तो एप्रिल २०२३ मध्ये झाला आणि १३ फेब्रुवारी २०२४ ला, म्हणजे आईला दोषी ठरवल्यानंतर आठवड्याने, अमलात आला. जो नियम करायची हिंमत राज्याला वर्षानुवर्षे झाली नव्हती, तो मोडल्यासारखी शिक्षा दोन माणसांना झाली.

बालन्यायालय ते 'वाईट आई'

इंग्लंडमधून अमेरिकेत आलेल्या जुन्या कायद्याचे तत्त्व साधे होते : मुलाने दुसऱ्याचे नुकसान केले तर केवळ बाप आहे म्हणून बाप जबाबदार नाही. बापाची स्वतःची चूक असेल, समजा धोक्याची वस्तू त्याने अजाण मुलाच्या हाती दिली असेल, तरच तो जबाबदार. जबाबदारी नात्याची नाही, कृतीची. फ्रेंच कायद्याचा वारसा असलेले लुइझियाना याला अपवाद होते, तिथे नात्यानेच भरपाई द्यावी लागे.

१८९९ मध्ये शिकागोत अमेरिकेतील पहिले बालन्यायालय सुरू झाले. मूल गुन्हेगार नाही, त्याला वळण हवे, हा विचार त्यामागे होता आणि तो चांगलाच होता. पण मूल गुन्हेगार नसेल तर दोष कुणाचा? उत्तर लगेच सापडले. १९०३ मध्ये कोलोरॅडोने 'मुलाच्या बिघडण्यास हातभार लावणे' हाच प्रौढांसाठी गुन्हा ठरवला आणि इतर राज्ये त्यामागे गेली. त्या काळात शिकागोच्या बालन्यायालयापुढे उभी राहणारी मुले प्रामुख्याने गरीब स्थलांतरितांची होती. श्रीमंताचा मुलगा बिघडला की घरच्या घरी निभावले जाई, मजुराचा बिघडला की न्यायालय. समाजशास्त्रात आपण ज्याला सामाजिक नियंत्रण म्हणतो, त्याचे हे अगदी पुस्तकी उदाहरण.

मग आला वंशाचा प्रश्न. १९६५ मध्ये अमेरिकी कामगार खात्याच्या डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी काळ्या कुटुंबांवर सरकारी अहवाल लिहिला. बेकारीचा उल्लेख त्यात होता, गुलामगिरीचाही होता. पण लोकांच्या मनात राहिले ते एकच : काळ्यांचे कुटुंब मोडके आहे, कारण ते बाईच्या हाती आहे. घर मिळू न देणारा घरमालक, कामावर न घेणारा कारखानदार, शाळा वेगळ्या ठेवणारे शिक्षणमंडळ हे सगळे मागे सरले आणि आई पुढे उभी केली गेली. विल्यम रायन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये या विचारपद्धतीवर अख्खे पुस्तक लिहिले. पीडितालाच दोषी ठरवण्याच्या या सवयीला अमेरिकी इंग्रजीत रूढ नाव मिळाले ते त्या पुस्तकाच्या शीर्षकामुळे. आपल्याला ही सवय नवी नाही. 'त्यांच्या घरातच संस्कार नाहीत' हे वाक्य आपल्या वस्त्यांनी किती वेळा ऐकले आहे!

१९८८ मध्ये कॅलिफोर्नियाने टोळीयुद्धाविरुद्धच्या कायद्यात एक कलम घातले : मुलावर वाजवी देखरेख न ठेवणे हाच आईबापाचा गुन्हा. १९८९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये या कलमाखाली एका आईला अटक झाली, कारण तिचा १७ वर्षांचा मुलगा एका गंभीर गुन्ह्यात आरोपी होता. नंतर कळले की ही बाई मुलांना कसे सांभाळावे याच्या वर्गाला जात होती, मदत शोधत होती. खटला मागे घ्यावा लागला. कायदा मात्र टिकला. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

त्याच राज्यात २०१० मध्ये मुलांच्या शाळेतील गैरहजेरीसाठी आईबापाला तुरुंगात टाकता येईल असा कायदा झाला. कमला हॅरिस तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी वकील होत्या आणि या कायद्यामागे त्यांचा जोर होता. २०१३ मध्ये त्याखाली एका काळ्या आईला हातकड्या घालून नेले. तिच्या मुलीला सिकलसेलचा आजार होता. विदर्भातल्या, नंदुरबार-गडचिरोलीतल्या वाचकांना सिकलसेल समजावून सांगावा लागणार नाही. वेदना उठली की मूल शाळेत कसे जाणार? पण हजेरीपटाला वेदना दिसत नाही. पुढे २०१९ मध्ये हॅरिस यांनी या कायद्याच्या परिणामांबद्दल खेद व्यक्त केला. तोवर त्या आईने दोन वर्षांहून अधिक काळ खटला लढला होता.

फ्लिंटची आई

आता मिशिगनकडे परत येऊ. २९ फेब्रुवारी २००० रोजी फ्लिंट शहराजवळच्या ब्युएल प्राथमिक शाळेत सहा वर्षांच्या मुलाने वर्गातल्या सहा वर्षांच्या मुलीला गोळी घातली. ती मेली. मुलगा काळा होता, मुलगी गोरी.

या मुलाची आई कुठे होती? १९९६ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी कल्याणकारी मदतीचा जुना कायदा मोडून नवा आणला होता. मदत हवी तर काम करा, हा त्याचा मंत्र. त्या योजनेखाली ही बाई बसने लांबचा प्रवास करून ऑबर्न हिल्सच्या मॉलमध्ये दोन नोकऱ्या करत होती. दोन नोकऱ्या करूनही भाडे भरता आले नाही आणि घर सोडावे लागले. मुलाचा बाप तुरुंगात. तिने मुले भावाच्या घरी ठेवली. तिथे अमली पदार्थांचा वावर होता आणि एका तरुणाने आणलेले पिस्तूल होते. मायकल मूर यांच्या २००२ च्या 'बोलिंग फॉर कोलंबाइन' या माहितीपटात ही कहाणी आहे.

हे ऑबर्न हिल्स त्याच ओकलंड काउंटीत आहे, जिथे २०२४ मध्ये क्रम्बली दांपत्याला शिक्षा झाली. एका आईने मुलाला पिस्तूल मिळाल्याचे कौतुक केले आणि त्याला नेमबाजीला नेले. दुसरी आई त्याच काउंटीत लोकांच्या ताटल्या उचलत होती, म्हणून मुलाजवळ नव्हती. दोघींच्या मुलांनी शाळेत जीव घेतले. कृती पाहिली तर दोघींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण 'मुलावर देखरेख ठेवली नाही' एवढाच निकष लावला, तर दोघी एकाच पिंजऱ्यात उभ्या राहतील.

फ्लिंटच्या सरकारी वकिलाने तेव्हा शहाणपण दाखवले. मनुष्यवधाचा आरोप आईवर नाही, पिस्तूल उघडे ठेवणाऱ्या तरुणावर ठेवला आणि त्याला शिक्षा झाली. मुले मात्र आईपासून काढून घेतली गेली. तिला त्या नोकऱ्यांवर पाठवणाऱ्या धोरणाला कुणी न्यायालयात बोलावले नाही.

दोन तराजू

अलीकडची दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहा. जानेवारी २०२३ मध्ये व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथे सहा वर्षांच्या मुलाने शिक्षिकेवर गोळी झाडली. ती गंभीर जखमी झाली, वाचली. मुलाच्या काळ्या आईला केंद्रीय न्यायालयात २१ महिने आणि राज्याच्या न्यायालयात दोन वर्षे कैद झाली. केंद्रीय खटल्याचा मुद्दा होता की गांजा घेत असताना तिने बंदूक बाळगली आणि अर्जात खोटे लिहिले.

जुलै २०२२ मध्ये इलिनॉयच्या हायलंड पार्क येथे ४ जुलैच्या मिरवणुकीवर गोळीबार होऊन सात जण मेले. मारेकऱ्याच्या गोऱ्या बापाने काही वर्षांपूर्वी, मुलाने जीव देण्याची आणि घरच्यांना मारण्याची भाषा केलेली असताना, त्याच्या शस्त्र परवान्याच्या अर्जावर सही केली होती. त्याने बेपर्वा वर्तनाचे किरकोळ गुन्हे कबूल केले. शिक्षा ६० दिवस.

दोन्हींचे तपशील वेगळे आहेत, राज्ये वेगळी, कायदे वेगळे. क्रम्बली दांपत्य गोरे आहे आणि त्यांना सर्वांत कठोर शिक्षा झाली, हेही खरे. म्हणून 'सगळे फक्त वंशानेच ठरते' असे सोपे विधान मी करणार नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की या क्षेत्रात ठाम नियम नाही. नियम नसेल तिथे सरकारी वकिलाची मर्जी चालते, आणि मर्जी चालते तिथे दुबळ्याचा बळी आधी जातो. जातिव्यवस्थेत वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवायला नको.

क्रम्बली खटल्यातही हा धोका दिसला. ज्युरीपुढे दोन वेगळे मार्ग ठेवले होते : एक, बंदूक ठेवण्यातली घोर बेपर्वाई. दुसरा, मुलावर नियंत्रण ठेवण्याचे कर्तव्य न पाळणे. पहिला मार्ग कृतीचा, दुसरा 'कसली आई आहेस तू' असे विचारणारा. मग तिचे विवाहबाह्य संबंध निघाले, घोड्यांना ती किती वेळ देते हे निघाले. बापाच्या खटल्यात बापपणाची अशी झडती कुठे झाली? निकालानंतर ज्युरीच्या प्रमुख महिलेने सांगितले की, बंदूक शेवटची हाताळणारी प्रौढ व्यक्ती आईच होती, हा मुद्दा त्यांना निर्णायक वाटला. म्हणजे कृतीचा पुरावा पुरेसा होता. चारित्र्याची धुणी धुवायची गरज नव्हती.

आणखी एक विसंगती आहे. मुलाला प्रौढ समजून खटला चालवला आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप दिली. म्हणजे तो पूर्ण जबाबदार. दोन-तीन महिन्यांनी त्याच काउंटीने आईबापाला दोषी ठरवले, कारण तो मूल होता. सोयीप्रमाणे मूल, सोयीप्रमाणे प्रौढ!

बंदूक कुणाच्या हाती, कायदा कुणासाठी

बंदुकीचा अमेरिकी इतिहासही असाच दुटप्पी आहे. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये मिसिसिपीने मुक्त झालेल्या काळ्यांना शस्त्र बाळगायला बंदी केली. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये चातुर्वर्ण्याबद्दल हेच दाखवले होते : ज्यांना दाबायचे त्यांच्या हाती शस्त्र येऊ दिले नाही, म्हणून ते बंड करू शकले नाहीत. १९६६ मध्ये ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला, ज्याचे नाव १९७२ मध्ये मुंबईत आपल्या दलित पँथरने घेतले. (हे ओकलंड कॅलिफोर्नियातले शहर, वर आलेली काउंटी मिशिगनमधली.) पँथर उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले, २ मे १९६७ रोजी सशस्त्र होऊन राज्याच्या विधानभवनात गेले. त्याच वर्षी जुलैत गव्हर्नर रेगन यांनी भरलेली बंदूक सार्वजनिक जागी बाळगण्यावर बंदी आणणाऱ्या मलफर्ड कायद्यावर सही केली. बंदूक-संघटना एनआरएनेही त्याला पाठिंबा दिला. काळ्याच्या हातात बंदूक दिसली की त्यांनाही नियंत्रण पटते.

गोऱ्या घरांतील बंदुकीला मात्र संरक्षणच मिळत गेले. २००५ मध्ये संसदेने बंदूक उत्पादक आणि विक्रेत्यांना बहुतांश नुकसानभरपाईच्या दाव्यांपासून कवच दिले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी वॉशिंग्टनमधील, घरातली बंदूक निकामी किंवा कुलूपबंद ठेवण्याची सक्ती घटनाबाह्य ठरवली. ऑक्सफर्डच्या शाळेला सरकारी संस्था म्हणून मिशिगनच्या न्यायालयांत संरक्षण मिळाले. आता वरून खाली पाहा : कारखानदाराला कवच, दुकानदाराला कवच, शाळेला कवच. शेवटी कवच नसलेले कोण उरले? कुटुंब. जबाबदारी उतरत उतरत सर्वांत खालच्या पायरीवर आली. ही पायऱ्यांची रचना आपल्या ओळखीची आहे.

मग काय करायचे?

पालकांना मोकळे सोडायचे का? मुळीच नाही. अमेरिकेत २०२० पासून मुले आणि किशोरांच्या मृत्यूंचे पहिले कारण बंदूक आहे. शाळांवरील हल्ल्यांच्या अभ्यासात अमेरिकी सिक्रेट सर्व्हिसला २०१९ मध्ये आढळले की, बंदूक वापरणाऱ्या हल्लेखोरांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी ती आईबापाच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून मिळवली होती. तेव्हा घर हा खरा प्रश्न आहे. पण त्यावर उपाय आधीच सापडलेला आहे. १९८९ मध्ये फ्लोरिडाने बंदूक मुलाच्या हाती लागेल अशी ठेवणे हाच गुन्हा ठरवला. पुढे बारा राज्यांत असे कायदे झाल्यावर केलेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५ वर्षांखालील मुलांचे बंदुकीच्या अपघाती गोळीने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

असा कायदा आधी सांगतो, सगळ्यांना सारखा सांगतो, आणि कृतीला धरतो. आई विधवा आहे की घटस्फोटित, कामाला जाते की घरी असते, कुठल्या रंगाची आहे, हे तो विचारत नाही. कुलूप लावले होते की नाही, एवढेच विचारतो. मुडदे पडल्यावर एखाद्या कुटुंबाला निवडून १५ वर्षे आत टाकण्यापेक्षा हा मार्ग न्यायाचा आहे.

आपल्यालाही हा फरक लागतो. २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ अ नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीखाली दोन तरुण अभियंते मेले, तेव्हा या तरतुदीची चर्चा झाली. चावी देणाऱ्या बापाला धरणे योग्यच आहे, कारण चावी देणे ही त्याची कृती आहे. पण त्याच मुलाला सुरुवातीला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला होता. मी वस्तीत काम करते. आमच्या पोरांच्या वाट्याला असे निबंध येत नाहीत. त्यांच्या आयांना पोलीस चौकीत बसवून 'पोराला वळण लावता येत नाही का' हे ऐकवले जाते, आणि त्या दिवसाची मजुरीही बुडते.

नात्यावरून आणि जन्मावरून गुन्हा ठरवण्याचा टोकाचा नमुना तर आपण भोगलेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, आणि १८९७ च्या दुरुस्तीने त्यांची मुले आईबापांपासून तोडून वेगळी ठेवण्याची सोय केली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण सोलापुरात 'सेटलमेंट' हे नाव आजही राहिले आहे. तिथे आईबापामुळे मूल गुन्हेगार ठरत होते. मुलामुळे आईबाप गुन्हेगार ठरवणे हे त्याच नाण्याची दुसरी बाजू होऊ शकते, जर आपण कृतीचा निकष सोडला तर.

म्हणून क्रम्बली निकालाबद्दल माझे मत असे : पिस्तूल हाती देण्यासाठी आणि ते मोकळे ठेवण्यासाठी शिक्षा योग्य. 'चांगले आईबाप नव्हते' म्हणून शिक्षा अयोग्य. पहिला नियम श्रीमंताच्या बंगल्यात आणि झोपडीत सारखाच लागू होतो. दुसरा नियम झोपडीतच आधी शिरेल, कारण तिथे आई दिवसभर कामावर असते, दार उघडे असते आणि वकील नसतो. आणि पहिला नियमसुद्धा पुरा न्याय तेव्हाच ठरेल, जेव्हा ते पिस्तूल बनवणारा आणि विकणाराही त्याच पिंजऱ्यात उत्तर द्यायला उभा राहील.